दापोलीकडे गावी घर बांधून घेतलं : आर्किटेक्टला साडेचार स्टार, ठेकेदाराला दोन

आधीच सांगते, दोघांचीही नावं टाकणार नाहीये. एकाचं टाकलं की दुसरा कोण ते अख्ख्या पंचक्रोशीला कळतं, आणि आम्ही डोंबिवलीला पळून येऊ पण आईबाबांना तिथेच राहायचंय. कोणाला गावी स्वतःच्या जागेत घर बांधायचं असेल तर मात्र हे वाचा, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा सगळे फक्त एकच गोष्ट सांगत होते, अमका अमुक रेटने बांधतो, तमका त्याच्यापेक्षा शंभर रुपये कमी घेतो.

जुनं घर मातीच्या भिंतींचं, नळ्यांचं छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पोफळ नेमकी मागच्या पडवीवर पडली आणि निम्मं छप्पर गेलं. दोन पावसाळे ताडपत्री आणि पत्र्यावर काढले. मग मी आणि भावाने ठरवलं की डागडुजी बास, त्याच घरठाणावर नवीन बांधायचं. कागदांचं सांगत बसत नाही, एवढंच सांगते की सातबाऱ्यावर चौदा नावं होती आणि त्यातले दोन काका एकमेकांशी बोलत नव्हते. संमतीपत्रांना सात महिने लागले. म्हणजे घराचा पहिला चिरा (आमच्याकडचा जांभा दगड) लागायच्या आधीच मी थकलेले होते.

आता आर्किटेक्ट. भावाचं म्हणणं होतं की अकराशे-बाराशे स्क्वेअर फुटाच्या घराला आर्किटेक्ट कशाला, ठेकेदारच नकाशा काढून देतो फुकटात. मी अडून बसले. दीड लाखाला थोडे कमी अशी फी ठरली, टप्प्याटप्प्याने द्यायची, आणि त्यात आठवड्यातून दोनदा त्यांची साईट इंजिनियर येणार. या सगळ्या खर्चात हे पैसे सगळ्यात सत्कारणी लागले असं मी आजही म्हणते.

पहिल्या भेटीत मी पन्नास फोटो सेव्ह करून नेले होते, भावाने लॉरी बेकर या केरळातल्या आर्किटेक्टच्या घरांचे व्हिडिओ पाठवलेले, ती रॅट-ट्रॅपवाली भिंत असते ना, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात आणि पाव भाग विटा वाचतात, ती त्याला हवी होती. आमच्या आर्किटेक्टने सगळे फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाला, ताई, तुमच्या मागच्या डोंगरात चिरेखाण आहे, विटा मी घाट उतरवून आणू का? विषय संपला. मग त्याने आईकडे वळून प्रश्न विचारायला घेतले आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा योग्य माणूस आहे. काकू, सकाळी पहिलं कोण उठतं? मासळी कुठे साफ करता? पावसाचे चार महिने कपडे कुठे वाळतात? गणपतीला माणसं किती, झोपतात कुठे, आणि मखराची रुंदी किती? आई आधी संकोचली, मग जी सुटली ती तासभर. शेवटी त्याने घरातल्या सगळ्या वस्तूंची मापं मागितली. लाकडी कपाट, आजीचा पलंग, जातं, पाट. बाबा टेप घेऊन दोन दिवस घरभर फिरत होते.

त्यातून जे प्लॅन झालं ते दिसायला साधंच आहे. पुढे सव्वीस फुटी पडवी, मग एक मोठी खोली जिच्यात एका भिंतीला मखराएवढा कोनाडा (उरलेले साडेअकरा महिने त्यात टीव्ही), बाजूला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून छपराखालची धुणंभांड्याची जागा, तिथेच कंबरेएवढा मासळीचा ओटा आणि त्याचं पाणी वेगळं, थेट माडाच्या आळ्यात. आमच्या नात्यात तीन नवीन बंगले झालेत, ग्रॅनाईट, फॉल सिलिंग सगळं आहे, पण कोलंबी सोलायला सगळ्या बायका मागच्या पायरीवर उकिडव्या बसतात. आई नाही बसत आता.

ओट्याचं पण सांगते. आई चार फूट नऊ इंच. आर्किटेक्टने तिला कोपरात हात वाकवून उभं केलं, माप घेतलं आणि ड्रॉइंगवर लिहिलं, ओटा तयार उंची तीस इंच. गवंड्याने बांधला तेहतीसवर, 'सगळीकडे असाच असतो' म्हणून. वर ग्रॅनाईट बसायच्या आधी बाबांनी टेप लावला म्हणून, नाहीतर आई जन्मभर टाचा उंच करून पोळ्या लाटत बसली असती. तोडून परत केला. कोणाच्या पैशाने, यावर चार दिवस वाद.

छपरावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सपाट स्लॅब टाकणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना दोन-चार वर्षांनी वर पत्र्याची शेड मारावी लागते, गावात मान वर करून बघा कुठेही. नुसती कौलं घालावीत तर माकडं. दर आठवड्याला दहा-बारा कौलं बदलायला वर चढणार कोण, बाबा अडुसष्टचे आहेत. शेवटी मुख्य घरावर उतरता स्लॅब आणि त्याच्यावर मंगलोरी कौलं, पडवीला मात्र लोखंडी पाईपवर नुसती कौलं असं ठरलं. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट बाहेर, कारण चिरा बाहेरून प्लास्टर न करता तसाच ठेवायचा होता आणि चिरा पाणी पितो. खर्च वाढला, पण दोन पावसाळे झाले, छपरातून एक थेंब नाही. त्याच्या स्टारपैकी निम्मे यासाठीच.

तरी आर्किटेक्टला पूर्ण पाच देणार नाही. एक तर ड्रॉइंग उशिरा, इलेक्ट्रिकचं तर भिंती उभ्या राहिल्यावर आलं, मग वायरींसाठी चिऱ्यात झिऱ्या (खाचा) मारत बसले. इन्व्हर्टरला जागाच ठेवली नव्हती, गावी लाईट किती जाते हे काय त्याला माहीत नाही? आणि नैऋत्येच्या खोलीला मोठी अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, समुद्र दिसतो म्हणून. दिसतो, मान्य. पण जुलैमध्ये वारा तिकडूनच येतो आणि पावसाला आडवा मारतो, खालच्या पट्टीत पाणी साठतं आणि बाहेर जायची भोकं एवढीशी की ते आत सांडतं. पहिल्या पावसाळ्यात त्या खोलीत रोज रात्री टॉवेल लावून झोपलो. तिथे साधी लाकडी झडपाची खिडकी हवी होती, जशी जुन्या घराला होती.

आता ठेकेदार. माणूस गोड. 'ताई, घरच्यासारखं काम करून देतो.' मटेरियलसकट १,९०० रुपये स्क्वेअर फूट, ११८० फूट, हिशोब झाला बावीस लाख बेचाळीस हजार. आम्ही पंचवीस धरून चाललो होतो, म्हटलं मस्त, फ्रिज पण येईल. शेवटी झाले एकतीसच्या वर, आर्किटेक्टची फी सोडून. आणि गंमत म्हणजे रेट त्याने एक रुपया वाढवला नाही! रेट तोच राहतो, त्याच्यात काय धरलेलं नाही ते हळूहळू बाहेर येतं.

जोतं घ्या. रेटमध्ये जोतं दोन फूट. आमची जागा उतरती, पुढे दोन फूट आणि मागे साडेचार. त्या वाढीव अडीच फुटांचे चिरे, भराव, मजुरी सगळं वेगळं, एक लाख नव्वद. जागा उतरती आहे हे त्याला करार करताना दिसत नव्हतं का, तर दिसत होतं, आमच्या अंगणात उभं राहून चहा पिताना दिसत होतं. मग वाहतूक. ट्रक वरच्या रस्त्यापर्यंत येतो, तिथून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. प्रत्येक चिरा, प्रत्येक गोणी माणसाने उतरवायची. हे काम कष्टाचं आहे आणि पैसे द्यायलाच हवेत, माझं एवढंच म्हणणं की आधी सांग. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा वेगळा, आणि तो त्याने विहिरीपासून वीस फुटांवर खणायला घेतला होता! इंजिनियर मुलगी आली म्हणून दिसलं, तिने सरळ काम थांबवून साठ फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला हलवायला लावला.

सगळ्यात मोठी भानगड पडवीची. पडवी दोनशे साठ फूट, भिंती नाहीत, स्लॅब नाही, सहा खांब आणि कौलं. करारात लिहिलंय 'बांधकाम क्षेत्रफळ'. बिल आलं ते पूर्ण रेटने, म्हणजे जवळजवळ पाच लाख. आम्ही म्हटलं हे कसं, तर म्हणे छप्पर आलं की एरिया आला. आर्किटेक्ट मध्ये पडला, शेवटी अर्ध्या रेटवर मिटलं. चूक आमची पण आहे. करारात पडवी, जिना, छज्जा, पागोळी कशी मोजणार ते लिहून घ्यायला हवं होतं. जोत्याची उंची किती धरली, मीटर कोणाचा, बांधकामाला पाणी कोणाचं, हे पण. रेट विचारायच्या आधी हे विचारा, आणि तो 'होऊन जाईल ताई' म्हणाला की समजा की हे तुमच्याच खिशातून होऊन जाणार आहे.

(आणि हो, सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला. आमचं घर बांधून वर्ष झाल्यावर. अर्थातच.)

वेळेचं तर विचारूच नका. २०२२ च्या दसऱ्यानंतर काम सुरू, २०२३ चा गणपती नवीन घरात, असं ठरलेलं. त्याने एकाच वेळी चार कामं घेतलेली. आमच्याकडे आठ दिवस माणसं, मग पंधरा दिवस कोणी नाही, फोन केला की 'उद्या पाठवतो'. शिमग्याला काम बंद राहिलं त्याला मी दोष देणार नाही, पालखी घरी येते तेव्हा आमच्याकडे कोण काम करतं, आम्हीच सुट्ट्या टाकून गावी होतो. पण त्याच्या आधीचे दोन महिने कुठे गेले? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, आलेल्या, वर छप्पर नाही. कर्नाटकातली माणसं पेरणीला गावी गेली ती गेलीच. अख्खा पावसाळा उघड्या भिंती भिजत उभ्या, खांबांच्या वर निघालेल्या सळ्या तांबड्यालाल. इंजिनियर मुलीने निदान सळ्यांना सिमेंटचं पाणी लावून घेतलं आणि भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री टाकून चिरे ठेवायला लावले. तो गणपती शेजारच्या काकांच्या ओटीवर बसवला. हो, न बोलणाऱ्या दोघांपैकीच एक, त्यांनी स्वतःहून बोलावलं.

या मुलीबद्दल लिहायलाच हवं. चोवीस-पंचवीसची असेल, खेडवरून स्कूटीने यायची. स्लॅबच्या आदल्या दिवशी ती आणि बाबा सेंटरिंगवर चढले. ड्रॉइंगमध्ये आठ एमएमची सळी सहा इंचावर, बाबांनी पट्टी लावली तर आठ इंचावर. एका बाजूला नऊसुद्धा. शिवाय सळीखाली कव्हर ब्लॉक (सळी फळीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) पाहिजेत तर तिथे खडीचे तुकडे सरकवलेले. समुद्र आमच्यापासून चार किलोमीटर, हवा खारी, कव्हर, म्हणजे सळीखालचा काँक्रीटचा थर, कमी पडलं की दहा-पंधरा वर्षांत सळी गंजून फुगणार आणि स्लॅबचे पोपडे पडणार. तिने सगळं परत बांधायला लावलं. मुकादम म्हणाला, उद्याची मिक्सरवाली माणसं सांगून ठेवलीत, तर ती म्हणाली परवा सांगा. आवाज न चढवता.

आणि स्लॅबच्या दिवशी परत. एप्रिल २०२४, सकाळी साडेसातला मिक्सर सुरू. पहिला माल पडला तो इतका पातळ की घमेल्यातून ओघळत होता. तिने पिशवीतून लोखंडी कोन काढला, आपल्या मोठ्या भोंग्यासारखा, त्यात माल भरला, ठासला आणि कोन वर उचलला. माल बसला शेणाच्या पोसारखा, सपाट. मुकादम म्हणाला, "मॅडम, वीस वर्ष असाच टाकतो आम्ही, सैल माल बरा पसरतो." ती म्हणाली, "वीस वर्ष सपाट टाकलात दादा, हा उतरता आहे. पाणी जास्त झालं तर माल खाली घसरणार, आढ्याला तीन इंच राहील आणि पागोळीला सात." मग तिने पाण्याचा डबा मोजला आणि सांगितलं की ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी, वर नाही, आणि सुरुवात खालून, पागोळीकडून वर आढ्याकडे. स्वतः संध्याकाळी सहापर्यंत मिक्सरपाशी उभी होती. आईने तिला जेवायला बोलावलं तर ताट तिथेच आणून मागितलं. मजबुती तपासायला त्याच मालाचे सहा क्यूब (ठोकळे) भरून घेतले, २८ दिवसांचा रिपोर्ट चांगला आला. तिच्यासाठी वेगळे पाच स्टार, फीमध्ये ती नसती तर हा स्लॅब कसा झाला असता याचा विचार करत नाही.

उतरत्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येत नाही. गोणपाट अंथरून दिवसातून चार-पाचदा भिजवायचं. आणि महिना एप्रिल! जुलैमध्ये जिथे पायवाटेचा ओहोळ होतो तिथे एप्रिलमध्ये विहिरीला तळ दिसतो. टँकर मागवले, तेही वरच्या रस्त्यापर्यंतच, तिथून पाईप. करारात क्युरिंग, म्हणजे हे पाणी मारणं, ठेकेदाराचं. प्रत्यक्षात चौदा दिवस बाबांनी पाणी मारलं, सकाळी सहा ते रात्री नऊ, उन्हाने मान काळी पडली. याचे पैसे त्याच्या बिलातून कापा म्हटलं तर बाबा म्हणाले राहू दे, घर आपलंय.

चांगलं काहीच नाही का त्याचं? आहे. चिऱ्याचं काम त्याच्या गवंड्यांनी अप्रतिम केलंय. एकदा पिवळसर, मऊ चिऱ्याचा ट्रक आला होता, खिळ्याने खरवडला की भुगा पडत होता, तो सांगितल्यावर कुरकुर न करता परत नेला. बाहेरच्या भिंतींचे दर्जे (चिऱ्यांमधले सांधे) इतके सरळ आणि बारीक भरलेत की लोक थांबून हात लावून बघतात. ते दोघं भाऊ होते, पाण्याची नळी आणि ओळंबा घेऊन काम करणारे, दिवसभरात एकमेकांशी दहा शब्द बोलत असतील. दोन स्टार आहेत ते खरंतर त्यांचेच.

७ सप्टेंबर २०२४ ला गणपती नवीन घरात बसले. मखर कोनाड्यात बरोबर बसलं, दोन्ही बाजूंना दोन बोटं मोकळी. रात्री एकवीस माणसं झोपली होती, पडवीत धरून. आई पहाटे उठून मागच्या ओट्यावर नारळ खवत होती, उभ्याने, आणि तिला बघून मला आठवलं की लाईन आऊटच्या दिवशी जमिनीवर फक्कीच्या रेषा बघून ती रडकुंडीला आली होती, एवढीशी खोली होय रे, यात कपाट तरी जाईल का म्हणून. सगळ्यांचं होतं म्हणे तसं, उघड्यावर खोल्या लहानच दिसतात. आर्किटेक्टने तेव्हा चार खुर्च्या आणून त्या रेषांच्या आत ठेवल्या होत्या आणि तिला बसवून चहा दिला होता.

बाबांची दोनशे पानी वही होती, रोजची तारीख, आलेलं सामान, आलेली माणसं. '१२ एप्रिल. सिमेंट ४२ गोणी, २ फाटक्या. माणसं ७, जेवणानंतर ५.' प्रत्येक भांडणात हीच वही कामाला आली, माझे व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट नाही.

सध्याची परिस्थिती अशी की ठेकेदाराचे शेवटचे चाळीस हजार बाबांकडे आहेत. न्हाणीघराचा उतार उलटा झालाय, पाणी दाराकडे येतं, आणि नैऋत्येची ती सरकती खिडकी बसवताना चौकटीच्या कडेची फट पण नीट भरलेली नाही. ते करून दे आणि पैसे घेऊन जा, एवढंच आहे. मध्ये त्याचा फोन आला होता, "काका, दिवाळी झाली की माणूस पाठवतो." कुठली दिवाळी ते बाबांनी विचारलं नाही. वहीत तारीख टाकून ठेवली.